लाटांच्या अलीकडे झोपलेलं गाव

मालवण आणि आचरा यांच्या मधल्या किनाऱ्यावर तोंडवली आहे. गावाची वाळू दक्षिणेकडे तळाशीलपर्यंत निमुळती होत जाते. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला गड नदीची खाडी आणि मध्ये माडांचा, सुरूंचा, कौलारू घरांचा अरुंद पट्टा. पट्ट्याच्या टोकाला नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे सर्जेकोट दिसतो. काही ठिकाणी तर घराच्या मागच्या दारातून खाडी आणि पुढच्या दारातून समुद्र, एवढीच काय ती जमिनीची रुंदी. सार्वजनिक जागी आपण किती आवाज करावा, या प्रश्नासाठी मी हेच गाव निवडलं, कारण इथे आवाज करणारा आणि तो ऐकणारा यांच्यात फक्त एक वाळूचा उंचवटा असतो. तरीही पहिल्याला दुसऱ्याचा पत्ता लागत नाही. असं का होतं, हे आधी समजून घ्यायला हवं. मग वागण्याचं बोलता येईल.

किनारा मुळात शांत नसतो. लाट फुटते तेव्हा तिच्या आवाजात सगळ्या पट्ट्यांचे सूर मिसळलेले असतात आणि तो अखंड चालू राहतो. त्यात दुसरे आवाज बुडून जातात. 1911 साली पॅरिसमधल्या एत्येन लोंबार या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट नोंदवली होती. माणसाभोवती गोंगाट वाढला की तो नकळत स्वतःचा आवाज चढवतो आणि गोंगाट थांबला की तो आपोआप खाली आणतो. पुढे हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. सुट्टीला आलेला, पुळणीवर मित्रांबरोबर गोल करून बसलेला माणूस नेमकं हेच करतो. लाटांवरून ऐकू जावं म्हणून तो ओरडून बोलतो, गाण्याचा स्पीकर आणखी वाढवतो, आणि त्याला ते मोठं वाटतच नाही. त्याच्या कानाशी समुद्र असतो.

उंचवट्यामागच्या घरात मात्र हिशेब बदलतो. वाळूची टेकाडं आणि अंतर यांमुळे लाटांच्या आवाजातला वरच्या पट्टीचा, फेसाळ भाग बराच गळून जातो. स्पीकरमधलं गाणंही अर्धवटच पोहोचतं. शब्द आणि चाल विरतात, उरतो तो ढोलाचा खालचा ठोका. साठ हर्ट्झच्या ठोक्याची एक लहर हवेत जवळजवळ साडेपाच-पावणेसहा मीटर लांब असते. इतकी लांब लहर टेकाडाला वळसा घालून जाते आणि सुरूच्या विरळ रांगेची तर ती दखलही घेत नाही. झाडं लावली की आवाज अडतो, असा एक समज आहे. तो अडायला दाट, रुंद, जमिनीपासून पानांनी भरलेलं रान लागतं. किनाऱ्यावरचा सुरूचा पट्टा वारा आणि वाळू अडवतो, ठोका अडवत नाही. आणि कोकणातलं जुनं घर हवा खेळावी म्हणून बांधलेलं असतं. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये फट, कौलांच्या सांध्यांतून उजेड, खिडकीला काचेऐवजी गज. हवेला वाट आहे तिथे आवाजालाही आहे.

आता थोडं गणित. मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून निघालेला आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण सहा डेसिबलने उतरतो. एक मीटरवर 100 डेसिबल देणारा स्पीकर धरू. हल्ली गाडीच्या डिकीत मावणारे स्पीकरही तेवढा आवाज सहज देतात. तो दहा मीटरवर 80, शंभर मीटरवर 60 आणि दोनशे मीटरवर 54 भरतो. निवासी भागासाठी आपल्या देशातल्या नियमांनी ठरवलेली रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. तिथवर उतरायला या स्पीकरला साडेपाचशे मीटरहून जास्त अंतर लागतं. तळाशीलकडच्या पट्ट्यात तेवढी रुंदीच नाही. शिवाय डेसिबलची मोजपट्टी सरळ चालत नाही. दहा डेसिबल वाढ म्हणजे दहापट ऊर्जा आणि कानाला साधारण दुप्पट आवाज. म्हणून 54 आणि 45 यांतला फरक कागदावर वाटतो त्याहून बराच मोठा असतो.

हे गणित वारा नसताना. संध्याकाळी तर वारा असतोच, आणि तो समुद्राकडून जमिनीकडे येतो. वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज जमिनीकडे वाकतो, उलट दिशेचा वर उचलला जातो. म्हणजे पुळणीवरचं गाणं वाऱ्यावरून थेट घरांकडे येतं आणि घरातली हाक पुळणीवर पोहोचत नाही. घरातली म्हातारी अंगणातून ओरडून सांगत असेल, तर ते ऐकू न येण्याची व्यवस्था निसर्गानेच करून ठेवली आहे. रात्र चढली की मतलई वारा सुटतो, जमिनीवरून समुद्राकडे. पण तोवर जमीन निवालेली असते, तिच्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. अशा थरांत आवाज वर निसटण्याऐवजी पुन्हा खाली वळतो आणि दिवसापेक्षा लांब जातो. खाडीच्या बाजूला तर मध्ये अडसरही नसतो. सपाट पाणी आवाज फारसा शोषत नाही. रात्री एका काठावरचं बोलणं दुसऱ्या काठावर ऐकू येतं, हे खाडीकाठच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

पाण्यावरून येणाऱ्या आवाजाची सर्वांत गाजलेली लढाई न्यूयॉर्कमध्ये झाली. हडसन नदीच्या काठी राहणाऱ्या ज्युलिया बार्नेट राइस यांना रात्रभर टगबोटींच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. 1905 च्या सुमारास त्यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना काठावर बसवून शिट्ट्या मोजून घेतल्या. धोक्याच्या इशाऱ्यासाठी वाजलेल्या शिट्ट्या त्यात थोड्या होत्या. बाकीच्या म्हणजे नावाड्यांचे एकमेकांना रामराम. काठावरच्या रुग्णालयांतले रुग्णही याच आवाजाने जागे राहत. राइस यांनी नावाड्यांना खलनायक ठरवलं नाही. अनावश्यक आवाज कोणता ते मोजून दाखवलं, 1906 मध्ये ‘अनावश्यक आवाज’ हेच शब्द नावात घालून एक संस्था काढली, आणि 1907 मध्ये अमेरिकी काँग्रेसने निष्कारण शिट्ट्यांवर बंधन घालणारा कायदा केला. रुग्णालयांभोवती शांततेचे पट्टे आखण्याची चालही न्यूयॉर्कमध्ये याच चळवळीतून रुळली. नावाडी वाईट नव्हते. काठावरच्या खिडक्या त्यांच्या मनात नव्हत्या, इतकंच.

तोंडवलीच्या खिडक्यांमागे कोण असतं? मच्छीमाराचं घर असेल तर त्याचा दिवस पहाटेच्याही आधी सुरू होतो. होडी पाण्यात घालायची तर भरती-ओहोटी आणि वारा पाहून, घड्याळ पाहून नाही. पहाटे तीनला उठणाऱ्याची मध्यरात्र रात्री दहाच्या आसपासच होते. कायद्यातली रात्र दहाला सुरू होते ती दिवसा दुकानात, कचेरीत काम करणाऱ्याच्या हिशेबाने. म्हणजे नियम काटेकोर पाळूनही या घराची झोप मोडता येते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ‘दहा वाजायचेत अजून’ हे उत्तर किनाऱ्यावर सर्रास दिलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांत घराबाहेरच्या रात्रीच्या सरासरी आवाजासाठी 40 डेसिबलची शिफारस आहे, आपल्या निवासी मर्यादेपेक्षाही पाचने कमी. माणूस जागा झाला नाही तरी आवाजाने त्याच्या हृदयाची गती वाढते, झोप वरवरची होते. सकाळी त्याला वाटतं, आपण झोपलो होतो.

मग गावाचे स्वतःचे आवाज? ते काही लहान नाहीत. कार्तिकापासून कोकणात जत्रा सुरू होतात आणि रात्र-रात्र दशावतार चालतो. मोचेमाडकर, चेंदवणकर, वालावलकर अशा पारंपरिक मंडळांची नाटकं पालखीनंतर उभी राहतात. पायपेटी, मृदंग, झांज, राजाची दमदार एन्ट्री, संकासुराची धावपळ, आणि पहाटे दहीकाला. रापण ओढताना हाका उठतात, कारण दोर एका दमात ओढायचा असतो. देवळात गाऱ्हाणं घातलं जातं तेव्हा मानकरी खड्या आवाजात एकेक मागणं देवापुढे मांडतो आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्याला एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. डेसिबल मोजले तर हे आवाज पर्यटकाच्या स्पीकरपेक्षा नेहमीच कमी भरतील असं नाही. तरी ते बोचत नाहीत, किंवा कमी बोचतात. का?

याचं उत्तर अमेरिकेतल्या डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत सापडतं. 1972 मध्ये त्यांनी ते पुस्तकरूपाने मांडले. लोकांना मोठ्या आवाजात काम करायला बसवलं. काहींना आवाज ठरावीक अंतराने ऐकवला, काहींना कधीही, अवचित. काहींच्या हाताशी एक बटण दिलं आणि सांगितलं, फारच झालं तर हे दाबा, आवाज थांबेल. पण शक्यतो दाबू नका. आवाज चालू असताना सगळ्यांनीच बऱ्यापैकी काम केलं. फरक दिसला तो नंतर, शांततेत. अवचित आणि हाताबाहेरच्या आवाजात बसलेली माणसं पुढच्या कामात लवकर हताश झाली, जास्त चुकली. बटणवाल्यांचं तसं झालं नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांनी बटण दाबलंही नव्हतं. आपण थांबवू शकतो, एवढा विश्वास पुरला.

जत्रेच्या रात्री गावाकडे हे बटण असतं. तिथी महिनोन्‌महिने आधी माहीत असते. नाटक केव्हा उभं राहणार आणि केव्हा संपणार हे ठाऊक असतं. कुणाच्या घरी कुणी अत्यवस्थ असेल तर मानकऱ्यांच्या कानावर घालता येतं. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, ऐकणाऱ्यांतले बरेच जण त्या आवाजाचे वाटेकरी असतात. पुळणीवरच्या अनोळखी पार्टीची तिथी नसते, वेळ नसते, आणि ज्याला सांगायचं तो उद्या सकाळी निघून गेलेला असतो. गाण्याची निवड, त्याची भाषा, ते देवाचं की सिनेमाचं, यांचा या त्रासाशी फारसा संबंध नाही.

पण यावरून गावचे आवाज सगळे निर्दोष, असा निष्कर्ष मी काढणार नाही. दशावतार पूर्वी विनामाइक होई. नट गळ्याच्या जोरावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत. आता भोंगे देवळाच्या आवाराबाहेर तोंड करून लावले जातात, ज्याला नाटक पाहायचं नाही त्याच्याकडे. लग्नाच्या वरातीतल्या ध्वनिभिंती शहरातून इथवर आल्या आहेत. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात आणि शिमगाही त्याच सुमारास. ज्या मुलीची उद्या परीक्षा आहे ती जत्रेची वाटेकरी असली तरी त्या रात्री नसते. तिच्या हाती बटण आहे का, ही कसोटी गावालाही लावायला हवी.

कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम 2000 साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा बंदिस्त जागेखेरीज ध्वनिक्षेपक वाजवायचा नाही. 2010 च्या दुरुस्तीनंतर वाद्यंही त्यात आली. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस ही मुदत रात्री बारापर्यंत वाढवू शकतं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा 100 मीटरपर्यंतचा भाग राज्य सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. तिथली मर्यादा दिवसा 50, रात्री 40. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलने जास्त किंवा 75 डेसिबल, यांतला जो कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. खासगी जागेतून बाहेर पडणाऱ्या आवाजाला पाचचीच सवलत आहे. होमस्टेच्या अंगणातलं गाणं या कलमात बसतं. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने निष्कारण हॉर्नसाठी पहिल्यांदा 1000 आणि पुढे 2000 रुपये दंड आहे. एकाच अरुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं असलेल्या गावात हे कलम शहराइतकंच लागू पडतं.

सर्वोच्च न्यायालयाचा या विषयावरचा पायाभूत निकाल 18 जुलै 2005 चा. त्यामागे जी घटना आहे ती आवाजाला किरकोळ समजणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. 1998 च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत एक बातमी आली. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. तिने मदतीसाठी मारलेल्या हाका शेजारी वाजणाऱ्या ध्वनिक्षेपकाच्या गाण्यात कुणालाच ऐकू आल्या नाहीत. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतलं. या बातमीवरून एका अभियंत्याने याचिका केली आणि पुढे हा निकाल आला. मोठा आवाज झोप मोडतो, कान बिघडवतो, हे आपण बोलतो. तो हाकही गिळतो. किनाऱ्यावर ही गोष्ट आणखी खरी आहे. बुडणाऱ्याची हाक, बोट उलटल्याची हाक आधीच लाटांशी झगडत असते.

महाराष्ट्रात या प्रश्नावरचं बहुतेक काम शहरांत झालं. मुंबईत सुमेरा अब्दुलाली आणि त्यांचं आवाज फाउंडेशन वर्षानुवर्षं उत्सवांच्या रात्री मीटर घेऊन फिरले आणि त्यांनी आकडे प्रसिद्ध केले. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2016 च्या ऑगस्टमध्ये सविस्तर निकाल दिला. 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी सिग्नलला डेसिबल मीटर जोडून दाखवला. हॉर्नचा आवाज 85 च्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. 2023 मध्ये बेस्टने बसमध्ये मोबाइलचा स्पीकर वाजवायला बंदी केली. रेल्वेनेही रात्री दहानंतर डब्यात मोठ्याने बोलण्या-गाण्याला मनाई केली आहे. म्हणजे मुंबईचा माणूस कुडाळ-कणकवलीला उतरेपर्यंत त्याच्यावर निदान कागदावर नियम असतात आणि आजूबाजूला टोकणारे प्रवासी असतात. तोंडवलीच्या पुळणीवर पोहोचला की दोन्ही संपतात. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तोंडवली-वायंगणीच्या माळावर सी वर्ल्ड हा पर्यटन प्रकल्प येणार की नाही, यावर गावाने मोठा झगडा पाहिला. जमिनीची चर्चा झाली, पाण्याची झाली. रात्रीच्या आवाजाची फारशी कधी झाली नाही.

या किनाऱ्यावर माणसाखेरीज आणखी एक ऐकणारी आहे. नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या सिंधुदुर्गातल्या ज्या पुळणींवर अंडी घालायला येतात, त्यांत तोंडवली आहे. मादी रात्री येते, वाळूत खड्डा खणते, शंभरच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. सुमारे 45 ते 60 दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. खणण्याच्या आधी, वर चढत असताना ती फार सावध असते. उजेड, हालचाल, माणसांची वर्दळ जाणवली तर अंडी न घालताच वळते. कासवांचे कान खालच्या पट्टीच्या, साधारण काहीशे हर्ट्झच्या आतल्या आवाजांना जास्त चांगले असतात, आणि स्पीकरचा ठोका त्याच पट्ट्यात येतो. ठोक्याने नेमकं काय बिघडतं ते आकड्यात मांडणं कठीण. पण जिथे ठोका वाजतो तिथे टॉर्च, शेकोटी आणि गाड्यांचे दिवेही असतात, आणि उजेडाचं नुकसान सिद्ध आहे. पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात. ते समुद्राऐवजी रस्त्याकडे असेल तर ती रस्त्याकडे जातात.

कासवांच्या बाबतीत कोकणाने जे करून दाखवलं ते माझ्या मते माणसांनाही लागू करण्यासारखं आहे. रत्नागिरीच्या वेळास गावात 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि भाऊ काटदरे यांनी गावकऱ्यांबरोबर काम सुरू केलं. पुढे कासव महोत्सव भरू लागला, पर्यटक घराघरांत उतरू लागले. तिथे येणारा शहरी पाहुणा पिल्लं सोडताना दोरीमागे उभा राहतो, फ्लॅश बंद ठेवतो, हळू बोलतो. त्याला कुणी दंड केलेला नसतो. आपल्या पुढ्यात कोण आहे हे त्याला आधी सांगितलेलं असतं आणि ते त्याला दिसत असतं. सिंधुदुर्गातही वनविभागाबरोबर गावोगावचे कासवमित्र हे काम करतात. कासवासाठी जो माणूस कुजबुजतो, तोच रात्री शंभर मीटरवरच्या माणसासाठी आवाज कमी करत नाही, कारण त्या माणसाची कुणी ओळख करून दिलेली नसते.

ही ओळख करून देणं यजमानाच्या हातात आहे, आणि इथेच अडतं. होमस्टे चालवणाऱ्या घराचं हंगामाचं उत्पन्न त्या पाहुण्यावर असतं. रात्री अकराला जाऊन ‘बंद करा’ म्हणणं त्याला जड जातं, आणि शेजाऱ्याने 112 ला फोन केला तर पोलीस येण्याआधी शेजारधर्म मोडतो. म्हणून ते सगळं आधी व्हायला हवं, खोली ठरवतानाच. आमच्या शेजारी पहाटे समुद्रावर जाणारी घरं आहेत, नऊनंतर स्पीकर नाही, पुळणीवर गाणं नाही, हे भाडं सांगताना त्याच दमात सांगायला हवं. एका घराने सांगितलं तर पाहुणा पुढच्या घरी जाईल, ही भीती खरी आहे. सगळ्या घरांनी सांगितलं तर तो जाणार कुठे?

आणि सगळ्यांनी मिळून ठरवणं या भागाला नवं नाही. तोंडवलीच्या शेजारचीच आचरा, चिंदर, वायंगणी ही गावं काही वर्षांच्या अंतराने गावपळण पाळतात. कौल झाला की गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसह सगळा गाव घरं बंद करून वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस-तीन रात्री तिथेच राहतो. जो गाव देवाच्या शब्दावर घरदार सोडतो, त्याला ग्रामसभेत बसून स्पीकरची वेळ नऊ ठरवणं जड नाही. कायद्यातले दहा ही शेवटची हद्द आहे. त्याआधी थांबायचं आपसांत ठरवायला तो कुणाला अडवत नाही. जत्रेच्या भोंग्यांची तोंडं आवाराच्या आत वळवायची, परीक्षेच्या आठवड्यात माइक उतरवायचा, कुणाकडे दुखणेकरी असेल तर कुणाला कळवायचं त्याचा एक नंबर प्रत्येक घराला ठाऊक असायचा, हेही त्याच बैठकीत ठरेल. पर्यटकांसाठीच्या फलकावर मग फक्त ‘कचरा टाकू नये’ एवढंच राहणार नाही. पलीकडे किती घरं आहेत आणि ती किती वाजता झोपतात, तेही लिहिलेलं असेल.